डोंगरापलीकडचे पाणी

पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवताना वर्गात पेरियारची गोष्ट जरूर सांगावी. केरळातील ही नदी पश्चिमेकडे वाहत अरबी समुद्राला मिळते. डोंगराच्या पूर्वेला मात्र मदुराईची वैगई नदी वरचेवर कोरडी पडे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर पेरियारचे पाणी वैगईत वळवण्याच्या जुन्या कल्पनेला जोर आला. १८८६ मध्ये मद्रास सरकार व त्रावणकोर संस्थान यांच्यात ९९९ वर्षांचा करार झाला.

इंजिनिअर जॉन पेनीक्विक यांची युक्ती साधीच होती. धरण बांधून पाण्याची पातळी इतकी चढवायची, की डोंगरात खोदलेल्या बोगद्यातून ते आपल्याच उताराने पलीकडे जाईल. पंप नको, इंधन नको! पूर आणि हिवतापाला तोंड देत, दगड, चुना व सुरखी वापरून १८९५ मध्ये मुल्लपेरियार धरण पुरे झाले. पूर्वेकडची शेते हिरवी झाली.

पण धरण म्हातारे झाले. १९७९ मध्ये सुरक्षिततेसाठी पाण्याची पातळी १५२ फुटांवरून १३६ फुटांवर आणली गेली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १४२ फुटांना मान्यता दिली. धरणाखालच्या वस्त्यांना जिवाची धास्ती आणि पलीकडच्या शेतकऱ्यांना पिकाची काळजी. दोन्ही खऱ्याच.

आता नकाशात कोयना शोधा. तिथे पूर्वेकडे जाणारे पाणी वीज निर्माण करण्यासाठी पश्चिमेला वळवले आहे. विद्यार्थ्यांना विचारा : पाणी वळवले, की कोणाला मिळते आणि कोणाचे कमी होते?