खेड्याने घातलेला मांडव

संक्रांत जवळ आली की आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरांत सतरंज्या आणि गाद्या मोजायला सुरुवात होते. सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे आपली गड्ड्याची जत्रा. गावोगावचे पाहुणे नंदीध्वजांची मिरवणूक बघायला येणार. मग कोण माडीवर झोपणार, नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, पिंपे किती भरून ठेवायची, याचा हिशेब घरातल्या बायका आठ दिवस आधीपासून मांडत असतात. मिरवणुकीचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. पिंपाचा फोटो मात्र कोणी काढत नाही.

श्रोतेहो, राजकीय पक्षांच्या अधिवेशनांचा इतिहासही आपण असाच वाचतो. अध्यक्ष कोण होते, ठराव कोणता झाला, भांडण कोणात लागले, हे आपल्याला पाठ असते. एवढी माणसे जेवली कुठे, प्यायली काय आणि सकाळी गेली कुठे, हे प्रश्न आपण विचारत नाही. खरे तर काँग्रेसच्या इतिहासाची सुरुवातच या प्रश्नांपासून झाली. १८८५ चे पहिले अधिवेशन पुण्यात व्हायचे होते. सार्वजनिक सभेने यजमानपण घेतले होते आणि पर्वतीजवळच्या पेशव्यांच्या बागेत तयारीही चालू होती. तेवढ्यात शहरात पटकी उद्भवली. बाहेरगावच्या पाहुण्यांना पटकीच्या गावात कसे बोलवायचे? ऐनवेळी सगळा बेत मुंबईला हलवावा लागला. २८ डिसेंबरला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले. राष्ट्रीय सभेची जन्मभूमी होण्याचा पुण्याचा मान पिण्याच्या पाण्याने घालवला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

पुढे पस्तीस वर्षांनी, १९२० च्या डिसेंबरात, नागपूरला चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी आले. जमनालाल बजाज स्वागताध्यक्ष होते. एवढ्या गर्दीत चर्चा कशी व्हायची? तिथेच मंजूर झालेल्या नव्या घटनेत प्रतिनिधींच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. मांडवाचा आकार आणि पक्षाची घटना यांचा संबंध असतो तो असा.

पण मला आज बोलायचे आहे ते फैजपूरबद्दल. अधिवेशने शहरात भरतात, शहरातले वकील आणि डॉक्टर ती भरवतात आणि ज्या खेडुतांच्या नावाने ठराव होतात ते बाहेरच राहतात, ही गोष्ट गांधीजींना खटकत होती. अधिवेशन खेड्यात भरवा, असा त्यांचा आग्रह होता. मान मिळाला तो त्या वेळच्या पूर्व खानदेश जिल्ह्यातल्या, आजच्या जळगावातल्या, यावल तालुक्यातील फैजपूरला. काँग्रेसचे हे पन्नासावे अधिवेशन, तारखा २७ आणि २८ डिसेंबर १९३६, अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू.

आता कल्पना करा. भुसावळसारखे मोठे जंक्शन हाताशी असले तरी जवळचे स्टेशन सावदा, आणि तेही काही मैलांवर. गावात हॉटेल नाही, धर्मशाळा अपुऱ्या. शहरात अधिवेशन असले की शाळा, वाडे, कार्यालये मागून घेता येतात. इथे शेतात एक गावच नव्याने वसवायचे होते. रस्ते आखायचे, पाण्याची सोय करायची, स्वयंपाकघरे उभारायची, संडासाचे चर खणायचे. डिसेंबर महिना असल्याने पावसाची धास्ती नव्हती आणि खरिपाचे पीक घरात आले होते, पण खानदेशातली थंडी उघड्यावर झोपणाऱ्याला विचारावी!

स्वागताध्यक्ष होते शंकरराव देव. खानदेशातल्या कार्यकर्त्यांच्या फळीत पुढे होते ते खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी, सरकारी नोकरी सोडून चळवळीत आलेले. साने गुरुजी अधिवेशनाच्या प्रचारासाठी गावोगाव हिंडले. त्यांचा अमळनेरपासूनचा लोकसंग्रह इथे कामी आला. या नव्या गावाला नाव दिले टिळकनगर. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावले. अट एकच, आसपास मिळेल तेच सामान वापरायचे. बांबू, चटया, गवत, दोर. त्यातून नंदलालबाबूंनी आणि वास्तुरचनाकार म्हात्रे यांनी कमानी आणि मंडप उभे केले. २५ डिसेंबरला प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधीजींनी या दोघांच्या कामाची वाखाणणी केली. अध्यक्षांची मिरवणूक निघाली ती सहा बैलजोड्या जुंपलेल्या रथातून. मुंबईहून पेटवलेली ज्योत तरुण धावत, हातोहात, फैजपूरपर्यंत घेऊन आले. आणि मनमाडहून शेतकऱ्यांचा एक मोर्चा पायी चालत आला. किसान सभेचे अधिवेशनही तिथेच भरले होते.

याचा परिणाम ठरावावर झाला की नाही? शेतसारा आणि खंड कमी करावा, कर्जाचा बोजा हलका करावा, शेतमजुराला पुरेशी मजुरी मिळावी, असा शेतीविषयक कार्यक्रम फैजपूरला मंजूर झाला. निवडणुका तोंडावर होत्या आणि समाजवादी गटाचाही रेटा होता, हे खरेच. तरी मांडवाबाहेर मोर्चाने आलेले शेतकरी बसले असताना तो ठराव टाळणे कुणालाही जड गेले असते, असे मला वाटते.

फैजपूरची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १९०१ साली कलकत्त्याच्या अधिवेशनात संडासांची दुर्गंधी पाहून गांधीजींनी स्वयंसेवकांना हटकले होते. ते आमचे काम नाही, भंग्याचे आहे, असे उत्तर आले. तेव्हा त्यांनी स्वतः झाडू घेतला. फैजपूरला सफाईचे काम अप्पासाहेब पटवर्धन यांनी अंगावर घेतले आणि त्यांच्या पथकात उच्चवर्णीय घरातली मुले मैला उचलायला उभी राहिली. आईवडिलांना हे घरी सांगताना त्यांच्यातल्या कित्येकांची काय अवस्था झाली असेल!

मात्र इथे एक खडा टाकावासा वाटतो. १९३६ हेच साल डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या स्थापनेचे. चार दिवस हौसेने झाडू धरणे वेगळे आणि जन्मभर तो सोडता न येणे वेगळे, हा त्यांच्या बाजूचा आक्षेप टिळकनगरच्या चरांनी बुजत नव्हता. अप्पासाहेबांना तो ठाऊक असावा. त्यांनी हे काम अधिवेशनापुरते केले नाही, आयुष्यभर चालवले आणि मैला हाताने उचलावाच लागू नये अशा संडासांसाठी ते कोकणात झटत राहिले.

फैजपूरनंतर हरिपुरा, त्रिपुरी, रामगड अशी पुढची अधिवेशनेही खेड्यांतच झाली. हरिपुरा तर त्याच तापीच्या काठी, खाली गुजरातेत, आणि तिथेही सजावटीला नंदलालबाबूच होते. टिळकनगरच्या बांबू-चटया अर्थातच टिकणाऱ्या नव्हत्या. फैजपूरला १९६१ साली महाविद्यालय निघाले. त्याला नाव दिले आहे धनाजी नानांचे.