‘बायो’ म्हणजे नेमकं काय? बाटलीवरचा हा शब्द काय सांगतो, काय नाही?

खरिपाच्या तोंडावर परभणीतल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात ‘बायो’नं सुरू होणारी बरीच नावं दिसतात. शब्द ओळखीचा आहे, त्यामुळे बाटलीत काय आहे हे सहसा कुणी विचारत नाही.

‘बायो’ आला ग्रीक ‘बिओस’वरून. अर्थ जीवन. बायोलॉजी म्हणजे जीवशास्त्र, बायोप्सी म्हणजे शरीरातल्या पेशींचा तुकडा काढून पाहणं. रेशन दुकानात अंगठा लावतो ते बायोमेट्रिक, म्हणजे देहाच्या खुणांचं मोजमाप. लग्न जुळवताना लागणारा बायोडाटाही यातलाच, फक्त त्यातला ‘डाटा’ लॅटिन आहे. (कोकणातल्या ‘अगं बायो’चा याच्याशी काही संबंध नाही.)

शेतीत मात्र या शब्दाचे दोन अर्थ होतात आणि घोळ तिथेच होतो. एक, आत जिवंत काहीतरी आहे. दोन, आतला पदार्थ सजीवापासून काढलेला आहे. रायझोबियम, ट्रायकोडर्मा पहिल्या प्रकारात येतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं ‘बायोमिक्स’ही त्यातलंच. उपयुक्त बुरशी आणि जिवाणूंचं हे मिश्रण हळद, आलं उत्पादकांच्या ओळखीचं आहे. समुद्री शेवाळाचा अर्क दुसऱ्या प्रकारातला. त्यात जिवंत काही नसतं.

फरक पैशांचा आहे. जिवंत जिवाणूंचं पाकीट उन्हात राहिलं किंवा मुदत उलटली, तर शेतकरी मेलेली भुकटी विकत घेतो. सोयाबीनच्या बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी रायझोबियम लावायला सांगतात ते यासाठीच. ट्रायकोडर्मा तर स्वतःच बुरशी आहे. रासायनिक बुरशीनाशकात मिसळलं तर तेही मरू शकतं.

कायद्याच्या दृष्टीनंही सगळे ‘बायो’ एक नाहीत. जिवाणू खतं १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात येतात, जैविक कीडनाशकं १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात. शेवाळ अर्कासारखी जैव उत्तेजकं बरीच वर्षं कुठेच बसत नव्हती. २०२१ मध्ये केंद्रानं तीही खत नियंत्रण आदेशाखाली आणली.

म्हणून बाटली हातात घेतली की मोठ्या अक्षरातलं नाव सोडून मागची बारीक अक्षरं वाचावीत. आतल्या जिवाणूचं किंवा घटकाचं नाव, त्याचं प्रमाण, नोंदणी किंवा परवाना क्रमांक, मुदत. आणि पक्कं बिल. ते हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावं, कारण तक्रार करायची वेळ आली तर पहिल्यांदा तेच मागतात.