नावांच्या वहीतील आयर्लंड

आम्हां कारकुनांच्या हाती सत्ता ती केवढी! पण गावाचे नाव कागदावर कसे उतरावे, एवढी मात्र असते. खडकीचे ‘किर्की’ झाले ते अशाच एखाद्या लेखणीने असावे. आयर्लंडात हा प्रकार साठ हजारांहून अधिक ठिकाणी घडला.

तेथील जमिनीचा लहानात लहान विभाग म्हणजे ‘टाउनलँड’. नावात टाउन असले तरी तेथे नगर नसते. काही शेते, चारदोन घरे, एखादा ओढा. तरीही त्याला स्वतंत्र नाव, आणि तेही बहुधा आयरिश भाषेतले. स्थानिक कराची आकारणी न्याय्य व्हावी म्हणून १८२४ साली टॉमस कोल्बी या लष्करी अधिकाऱ्याकडे देशाची मोजणी सोपविण्यात आली. (याच कोल्बींच्या पद्धतीचे लोखंड-पितळेचे मोजदंड एव्हरेस्ट यांनी हिंदुस्थानात आणले व १८३१-३२ साली कलकत्त्याची पायारेषा त्यांनी मोजली.)

मोजणीदार इंग्रजी जाणणारे. नावे ऐकून गोंधळलेले. म्हणून प्रत्येक परगण्याच्या वह्या झाल्या. जुन्या कागदांतील नानाविध रूपे एकीकडे, ग्राह्य रूप दुसरीकडे. १८३० मध्ये या कामावर जॉन ओडोनोव्हन नावाचा तरुण पंडित नेमला गेला. तो गावोगाव हिंडून वृद्धांच्या तोंडून नाव ऐके आणि वहीत मूळ आयरिश शब्द व त्याचा अर्थ नोंदवी. नकाशावर इंग्रजी वळणाचेच रूप छापले गेले. पण मूळ नाव वहीत राहिले, हे उपकार थोडे नव्हेत.

कारण वळण बदलले की अर्थ निसटतो. ‘किल’ हे ‘किल्ल’, म्हणजे चर्च, की ‘कोइल्ल’, म्हणजे रान? किल्डेअर म्हणजे ओकवृक्षाचे चर्च, हे निश्चित. तेथील उंच गोल मनोरा आजही उभा आहे. पण ‘किलमोर’ कोठे मोठे चर्च, तर कोठे मोठे रान. ‘राथ’ आणि ‘लिस’ ही नावे मातीच्या वर्तुळाकार तटबंद्यांची. पऱ्यांच्या भयाने शेतकरी त्यांवर नांगर घालीत नसत. जेथे घातला, तेथे कधी केवळ नावच साक्षीला उरले.

ओडोनोव्हन हिंडला तो योग्य वेळी. १८४५ पासूनच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच वा अधिक परदेशी गेली. आयरिश बोलणाऱ्या गरिबांवर तो घाव सर्वांत खोल बसला.

१९७० च्या दशकात उत्तर आयर्लंडच्या टपालखात्याने पत्त्यात रस्त्याचे नाव व घराचा क्रमांक आणला, तेव्हा टाउनलँडची नावे गळू लागली. फर्मॅना परगण्याने मात्र ती सोडली नाहीत.