टर्बो गाडीतील सेन्सरबदल व ट्यूनिंग

टर्बोचार्जर असलेल्या मोटारगाडीतील दाब, तापमान, हवेचे वस्तुमान आणि धुरातील प्राणवायू मोजणारे मूळ सेन्सर काढून जास्त पल्ल्याचे सेन्सर बसवणे व त्यांना अनुसरून इंजिन नियंत्रकातील (ईसीयू) कोष्टके बदलणे. दुसऱ्या कामाला रीमॅप म्हणतात. सुटे भाग, स्कॅनर आणि लॅपटॉप सहज मिळू लागल्यापासून हौशी गाडीमालक ही दोन्ही कामे घरी किंवा ओळखीच्या गॅरेजात करतात. नुसत्या सेन्सरबदलाने ताकद वाढत नाही. मूळ सेन्सरच्या पल्ल्यापलीकडचा दाब नियंत्रकाला दिसू लागतो, एवढाच त्याचा उपयोग.

पूर्वपीठिका : टर्बोचार्जरची मूळ कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची (पेटंट १९०५). मोटारगाडीत तो १९६२ मध्ये अमेरिकेत आला. बॉशचा लॅम्डा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत बसला. नॉक सेन्सरच्या इशाऱ्यावर बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) कमी करणारी पद्धत साबने १९८२ च्या सुमारास बाजारात आणली. ब्रूस बोलिंग व अल ग्रिपो यांचा मेगास्क्वर्ट आणि नंतरचा आर्डुइनोवर आधारलेला स्पीडुइनो यांमुळे नियंत्रक घरी जुळवणेही शक्य झाले.

महाराष्ट्रातील गाड्या : हौशी ट्यूनिंगमध्ये आढळणाऱ्या अनेक गाड्या राज्यातच तयार झाल्या. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे जुळवलेली १.८ टर्बो इंजिनाची ऑक्टेव्हिया आरएस (१५० अश्वशक्ती) ही त्यांतील आरंभीची. रांजणगावच्या कारखान्यातून फियाटची लिनिआ टी-जेट (२०१०, ११४ अश्वशक्ती) व अबार्थ पुंटो (२०१५, १४५ अश्वशक्ती) आणि टाटांची नेक्सॉन (२०१७, ११० अश्वशक्ती) निघाली, चाकणहून पोलो जीटी टीएसआय (२०१३, १०५ अश्वशक्ती). नुसत्या रीमॅपने किती अश्वशक्ती वाढते याचे विक्रेत्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. डायनोचा (अश्वशक्ती मोजणाऱ्या यंत्राचा) प्रकार, इंधन व त्या दिवशीची हवा यांनुसार एकाच गाडीचा आकडाही बदलतो.

दाबाचा सेन्सर (मॅप सेन्सर) : हा केवल दाब मोजतो. समुद्रसपाटीला इंजिन बंद असताना त्याचे वाचन सु. १०० किलोपास्कल असते; १ बार बूस्ट म्हणजे सु. २०० किलोपास्कल. ‘२.५ बार’चा सेन्सर २५० किलोपास्कलपर्यंत व ‘३ बार’चा ३०० पर्यंत वाचतो. दोन्ही ५ व्होल्टवर चालतात आणि अनेकदा दोघांचा कपलरही एकच असतो, त्यामुळे अदलाबदल दहा मिनिटांत होते.

चूक इथेच होते. समजा, दोन्ही सेन्सर २० किलोपास्कलला ०.४० व्होल्ट आणि आपापल्या कमाल दाबाला ४.६५ व्होल्ट देतात. ३ बारचा सेन्सर १०० किलोपास्कलला १.६१ व्होल्ट देईल. नियंत्रकात २.५ बारचे कोष्टक तसेच राहिले असेल, तर या १.६१ व्होल्टचा अर्थ ८६ किलोपास्कल असा लागतो. गाडी समुद्रसपाटीजवळच्या भिवंडीत उभी असते आणि नियंत्रकाच्या लेखी ती महाबळेश्वरला (उंची सु. १,३५० मी.) असते. बूस्टवर फरक वाढतो. खरा दाब २०० असताना ३.१३ व्होल्ट येतात व ते १६८ म्हणून वाचले जातात. लक्ष्य २०० चे असल्याने नियंत्रक वेस्टगेट (टर्बोला वळसा देऊन धूर सोडणारी झडप) मिटून ठेवतो आणि खरा दाब सु. २३९ पर्यंत चढतो. याच सेन्सरवरून हवेचा हिशोब करणाऱ्या इंजिनात पेट्रोल मात्र २०० च्या मानाने पडते. जास्त हवा, कमी पेट्रोल आणि वाढलेले तापमान एकत्र आल्यावर नॉकिंग (मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट) सुरू होते. ते वेळीच ओळखले नाही तर पिस्टनच्या रिंगांमधले काठ तुटतात. हवा वेगळ्या सेन्सरने मोजणाऱ्या इंजिनात (उदा., वरील १.८ टर्बो) पेट्रोलचा हिशोब सावरतो, पण बूस्टचा चुकतोच.

म्हणून सेन्सर बदलल्यावर गाडी सुरू करण्याआधी चावी ‘ऑन’ करून स्कॅनरवर दाब वाचतात. तो त्या ठिकाणच्या हवेच्या दाबाशी जुळायला हवा. किनाऱ्याजवळ सु. १००, पुण्यात सु. ९५ किलोपास्कल. जुळला नाही तर आधी कोष्टक दुरुस्त करायचे. या तपासणीला पैसा लागत नाही, तरी हौशी कामात ती सर्रास राहून जाते. जुळल्यावरही होजच्या क्लिपा, इंटरकूलरचे सांधे आणि वेस्टगेटची निर्वात नळी पाहतात. गळक्या होजमुळे कमी पडलेला बूस्ट अनेकदा ‘सेन्सर खराब’ म्हणून खपतो.

तापमान : ३५° से. ची हवा दुप्पट दाबावर नेली की टर्बोबाहेर ती १२०° ते १३०° से. पर्यंत तापते, तिला निववणे हे इंटरकूलरचे काम. तापमानाचा सेन्सर बहुधा दाबाच्या सेन्सरमध्येच असतो. त्याचा रोध तापमानाबरोबर घटतो. बॉशच्या प्रचलित सेन्सरात तो २०° से. ला सु. २.५ किलोओहम असतो. दुसऱ्या रोधाचा सेन्सर लावल्यास तापमानाचे कोष्टकही बदलावे लागते. ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीतला सेन्सर इंजिनाच्या उष्णतेने तापतो व निघताना काही क्षण चढे वाचन देतो. ते दोष समजू नये.

लॅम्डा : मूळ अरुंद पट्ट्याचा सेन्सर मिश्रण गडद (पेट्रोल जास्त) की फिके (पेट्रोल कमी) एवढेच सांगतो. ट्यूनिंगला रुंद पट्ट्याचा (वाइडबँड) लागतो. बॉशचा एलएसयू ४.९ हा सर्वांत रूढ. तो टर्बोनंतर व उत्प्रेरकाआधी, पाणी साचू नये म्हणून आडव्या रेषेपासून किमान १०° वर झुकवून बसवतात. हवा-इंधनाचे आदर्श गुणोत्तर शुद्ध पेट्रोलला १४.७, तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सु. १३.५ असते. बाजारातले बहुतेक मीटर १४.७ धरूनच आकडा दाखवतात. म्हणून लॅम्डा वाचणे सोयीचे. कोणत्याही इंधनात आदर्श मिश्रण म्हणजे लॅम्डा १. इथेनॉलमिश्रण वाढण्याआधी केलेले जुने मॅप आता थोडे फिके चालतात. नियंत्रक आपल्या मर्यादेत ते भरून काढतो, पण पूर्ण थ्रॉटलवर भरपाई पुरेल असे नाही.

हवेचे वस्तुमान : तापलेल्या पातळ पटलावरून जाणारी हवा पटलाला किती निववते यावरून हा सेन्सर मोजमाप करतो. पटलावर धूळ किंवा तेल बसले की हवा कमी मोजली जाते. तेल लावायचा ‘परफॉर्मन्स’ फिल्टर वापरणाऱ्यांत हा दोष विशेष आढळतो.

नॉक सेन्सर : मूळचाच ठेवतात, बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळतात.

डिझेल : कॉमन रेल डिझेल गाडीत ट्यूनिंग बॉक्स हा स्वस्त मार्ग. तो रेलच्या दाबाचा सेन्सर व नियंत्रक यांच्यामध्ये कपलरने जोडतात. बॉक्स खऱ्यापेक्षा कमी दाब कळवतो. नियंत्रक तो भरून काढायला रेलचा दाब वाढवतो आणि जास्त डिझेल फवारले जाते. नियंत्रकाला चुकीची माहिती पुरवणे हेच या बॉक्सचे तत्त्व. वर दाबाच्या सेन्सरबाबत जे चुकून घडते ते इथे मुद्दाम केले जाते. काळा धूर, घसरणारा क्लच आणि लिंप मोड (नियंत्रकाने इंजिनाची ताकद आवरून धरणे) हे नेहमीचे परिणाम. बीएस-६ (१ एप्रिल २०२०) गाड्यांत धुराचा गाळणीसंच लवकर भरतो.

नारपोली : भिवंडीतील नारपोली–अंजूरफाटा भाग यंत्रमाग व गोदामांचा. इथल्या रस्त्यावर मालवाहू डिझेल गाड्यांचे प्राबल्य आहे. धूळ व मागांचे तूस यांमुळे अशा भागात एअर फिल्टर कंपनीच्या वेळापत्रकाआधीच तपासावा लागतो. पिकअप गेल्याच्या तक्रारीत सेन्सरआधी फिल्टर पाहणे शहाणपणाचे. नाशिक महामार्गाने कसारा घाट चढून इगतपुरीला (सु. ६०० मी.) गेल्यास हवेचा दाब सु. ७ टक्के घटतो; मॅप सेन्सरच्या नोंदी तपासायला एवढा चढ पुरेसा.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेला तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच आशयाचा निर्णय दिला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. निव्वळ सॉफ्टवेअरमधला बदल यात कितपत मोडतो, यावर मतभेद आहेत. पीयूसी चाचणीत पेट्रोल गाडी उभ्या जागी तपासली जाते. पूर्ण बूस्टवरचा दोष तिच्यात दिसत नाही.

स्पर्धा : लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅली धावपट्टीवर ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत.