पैलवानाचा बचाव आणि पंचाची नजर

आकुर्डीच्या उर्दू शाळेत इतिहास शिकवताना मला एक सवय लागली आहे. मुलांचा वाद ज्या विषयावर चालला असेल, तिथूनच धडा सुरू करायचा. एकदा मधल्या सुट्टीत सातवीची दोन मुलं खबीब नूरमगोमेदोव्हवरून भांडत होती. एक म्हणाला, "खबीब कू मुक्के बचानाच नै आता, खाली पकडना आता." दुसरा म्हणाला, "एक बी मॅच हारा नै, फिर कैसा नै आता?" दोघंही इन्साफ मागायला माझ्याकडे आले. कुस्तीतून आलेल्या मल्लाचा ठोशांपासूनचा बचाव कसा जोखायचा, हा त्यांचा प्रश्न होता. वरवर पोरखेळ वाटला तरी त्याला मोठा इतिहास आहे.

आपल्याकडच्या मातीतल्या कुस्तीत हा प्रश्नच नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधलं. 1912 मध्ये तिथं पहिली मोठी कुस्ती झाली ती गामांचे भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिउद्दीन यांच्यात. इमामबक्ष जिंकले. पाठ मातीला लागली की निकाल लागला. खरा पंच मातीच होती. अशा आखाड्यात वाढलेला मल्ल पुढं झुकून, डोकं खाली घालून, हात समोर पसरून उभा राहतो. पट काढायला हा पवित्रा उत्तम. पण समोर मुष्टियोद्धा असेल तर हेच डोकं ठोशाच्या वाटेत येतं. म्हणजे ज्या सवयीनं तो जिंकतो, तीच त्याचा घात करू शकते.

26 जून 1976 रोजी टोकियोच्या बुदोकान सभागृहात ही परीक्षा साऱ्या जगासमोर झाली. एका बाजूला मुष्टियुद्धाचे जगज्जेते मुहम्मद अली, दुसऱ्या बाजूला जपानी मल्ल अंतोनिओ इनोकी. नियमांनी इनोकींचे बरेचसे डाव आधीच बांधून टाकले होते. मग इनोकींनी वेगळीच युक्ती केली. पंधरा फेऱ्यांतला बहुतेक वेळ ते पाठीवर पडून राहिले आणि खालून अलींच्या पायांवर लाथा मारत राहिले. अलींनी मारलेले ठोसे बोटांवर मोजावेत इतकेच होते. प्रेक्षक चिडले, त्यांनी रिंगकडे कचरा फेकला. एका पंचानं अलींना पुढं ठेवलं, दुसऱ्यानं इनोकींना, रेफरीनं दोघांना सारखे गुण दिले. लढत बरोबरीत सुटली. नियमभंगाबद्दल इनोकींचे गुण कापले नसते तर निकाल त्यांच्या बाजूनं गेला असता. अलींचे पाय मात्र असे सुजले की त्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागलं.

आमच्या अब्बांच्या खोलीत अलींचं चित्र होतं. "तो जपानी डरपोक होता, झोपून लढला," असं ते सांगायचे आणि मीही तेच मानून मोठा झालो. पुढं त्या लढतीचं चित्रीकरण नीट पाहिलं तेव्हा मन खजील झालं. जगातल्या सर्वांत वेगवान मुठींसमोर एक मल्ल पंधरा फेऱ्या उभा, नव्हे आडवा राहिला आणि त्याच्या तोंडाला फारसं काही लागलं नाही. हा बचाव नाही तर काय? आम्हाला तो दिसला नाही, कारण आम्ही अलींकडेच बघत होतो.

त्याच वर्षी 12 डिसेंबरला कराचीत इनोकींनी अक्रम पैलवानाचा हात डावात अडकवून त्याला हरवलं. अक्रम म्हणजे खासबागेत जिंकलेल्या त्या इमामबक्षांचेच चिरंजीव. त्या दिवशी पंचांच्या गुणांची गरजच पडली नाही.

आज अशा लढतींच्या आकडेवारीत 'बचावाची टक्केवारी' असते. प्रतिस्पर्ध्याच्या शंभर ठोशांपैकी साठ वाया गेले तर बचाव साठ टक्के. हिशेब सरळ दिसतो, पण त्यात मोठी खोट आहे. पैलवान कधीही पायात शिरेल या धास्तीनं समोरचा हात मोकळा सोडत नाही. जो ठोसा मारलाच गेला नाही, तो कुठल्या रकान्यात लिहायचा? आणि खाली दाबून धरलेल्या माणसाचा ठोसा लागला तरी त्यात जोर किती? उलटही खरं आहे. नुसता बचाव करून लढत जिंकता येत नाही. मिक्स्ड मार्शल आर्ट्सचे सामायिक नियम 2000 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत रुजले. त्यांच्या आजच्या निकषांत बचावाला वेगळे गुण नाहीत. कुणाच्या ठोशांचा आणि पकडीचा परिणाम जास्त झाला, हे पंच आधी पाहतात.

6 ऑक्टोबर 2018 रोजी लास वेगासला खबीब आणि कॉनर मॅकग्रेगर लढले. दुसऱ्या फेरीत खबीबनं ठोसा मारूनच कॉनरला खाली पाडलं, कारण कॉनरचं लक्ष पट वाचवण्याकडे होतं. तिसरी फेरी तिन्ही पंचांनी कॉनरला दिली. चौथीत खबीबनं मान आवळून लढत संपवली. तेव्हा माझी दोन्ही मुलं अर्धी अर्धी खरी होती.

आता घरची गोष्ट. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात महेंद्र गायकवाडला बाहेरच्या टांगेचे चार गुण मिळाले आणि सिकंदर शेख हरला. त्या चार गुणांवरून राज्यभर वाद पेटला, पंचाला धमकीचा फोन गेला. वर्गात मुलं म्हणाली, "सर, अपने आदमी पे जुल्म हुआ." मी विचारलं, "पाठ किती वळली होती, ते पाहिलं का?" बहुतेकांनी पाहिलंच नव्हतं. त्यांनी नाव पाहिलं होतं. गुण चुकीचे असतीलही, पण ते पाठीकडे बघून ठरवायचे असतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला सिकंदरनं शिवराज राक्षेला चीत करून गदा उचलली, तेव्हा कुणालाच पंचाची आठवण आली नाही.

अब्बांना अलींचं प्रेम होतं, त्यात गैर काही नाही. पण प्रेम आणि पंचगिरी एका डोळ्यानं करता येत नाही. तेव्हापासून परीक्षेचे पेपर तपासताना मी नावाचा कोपरा दुमडून ठेवतो. इनोकींनी मला एवढं तरी शिकवलं.