कांजिण्यांची लस कधी द्यायची? : एका निर्णयाचा इतिहास

मूल वर्षाचं झालं की घरोघरी एक चर्चा होते. डॉक्टर म्हणतात, आता कांजिण्यांची लस देऊन टाकू. घरातली आजी म्हणते, त्याला कशाला लस? लहानपणी होऊन गेलेल्या बऱ्या. आणि आईबाप मधल्यामध्ये अडकतात. आज आपण या 'कधी'चा इतिहास पाहणार आहोत. आजीचं म्हणणं अडाणीपणाचं आहे असं आम्ही मानत नाही. त्यामागे पिढ्यांचा अनुभव होता, एक हिशोब होता. तो हिशोब गेल्या पन्नास वर्षांत कसा बदलत गेला, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी तो जुना हिशोब समजून घेऊ. कांजिण्या बहुतेक निरोगी मुलांना फारसा त्रास न देता जातात. आठ-दहा दिवस ताप, खाज, पाणीदार फोड, मग खपल्या. उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवायचा, खपल्या पडल्या की आंघोळ घालायची, झालं. पण हाच रोग मोठ्या माणसाला झाला तर न्यूमोनियाचा धोका वाढतो, मृत्यूचा धोका मुलांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. गरोदर बाईला झाल्या तर तिला आणि पोटातल्या बाळालाही धोका. आणि एकदा होऊन गेल्या की सहसा पुन्हा होत नाहीत. मग लवकर होऊन गेलेल्या बऱ्या, हे शहाणपणाचंच होतं. दुसरा मार्गच नव्हता.

शिवाय, त्या काळी कांजिण्यांची तुलना कशाशी होत होती? देवीशी! देवी म्हणजे मरण, नाहीतर अंधत्व, नाहीतर जन्मभराचे व्रण. या दोन रोगांत नेमका फरक काय, हे विल्यम हेबर्डन या डॉक्टरने १७६७ साली लंडनच्या वैद्यांसमोर स्पष्ट मांडलं. आपल्याकडे १९७०च्या दशकात देवी निर्मूलनाचे कर्मचारी गावोगाव फिरत होते, तेव्हाही ही ओळख फार मोलाची ठरली. देवीचे फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर जास्त, आणि एका जागेवरचे सगळे एकाच अवस्थेतले. कांजिण्यांचे पोटा-पाठीवर जास्त, आणि एकाच वेळी काही नवे, काही पाणी भरलेले, काही खपली धरलेले. तपासणीअंती "कांजिण्या आहेत" असं कळलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. १९७५ नंतर देशात देवी उरल्या नाहीत. पण कांजिण्या म्हणजे किरकोळ आजार, ही समजूत मात्र मागे राहिली.

आता जपानकडे वळू. मिचिआकी ताकाहाशी हे ओसाका विद्यापीठातले विषाणुतज्ज्ञ. १९६४च्या सुमारास ते संशोधनासाठी अमेरिकेत होते. तिथे त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्या झाल्या आणि त्या साध्या निघाल्या नाहीत. ताप उतरेना, श्वास लागला. मूल वाचलं. पण किरकोळ म्हटला जाणारा हा आजार कुठवर जाऊ शकतो, हे त्या बापाने पाहिलं होतं. मायदेशी परतल्यावर त्यांनी कांजिण्या झालेल्या एका तीन वर्षांच्या मुलाच्या फोडातून विषाणू मिळवला. त्या मुलाच्या आडनावावरून या वाणाला 'ओका' म्हणतात. हा विषाणू त्यांनी आधी मानवी पेशींत ११ वेळा, ३४ अंश तापमानाला वाढवला. मग गिनीपिगच्या पेशींत १२ वेळा. अशा परक्या परिस्थितीत वाढता वाढता विषाणूचा जोर ओसरतो, पण आपल्या शरीराला त्याची ओळख मात्र पटते. १९७४ साली या लसीवरचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. रुग्णालयाच्या बालविभागात कांजिण्यांची लागण सुरू झाली असताना ही लस देऊन प्रसार रोखला, असा त्याचा विषय होता. आज जगभर वापरात असलेल्या बहुतेक लसी याच ओका वाणाच्या आहेत.

लस आली. म्हणजे प्रश्न मिटला का? नाही. खरा प्रश्न इथून सुरू झाला: कुणाला द्यायची, आणि कधी? तीन देशांनी तीन उत्तरं दिली.

जपानने लसीला १९८६ साली परवानगी दिली, पण ती ऐच्छिक ठेवली. निम्म्याहून कमी मुलांना लस मिळायची, साथी चालूच राहायच्या. लसीच्या जन्मभूमीत ती नियमित लसीकरणात यायला २०१४चा ऑक्टोबर उजाडला. त्याआधीच, डिसेंबर २०१३ मध्ये, ताकाहाशी गेले होते.

अमेरिकेने १९९५ साली लसीला मान्यता दिली आणि लगेच सगळ्या मुलांसाठी शिफारस केली. त्याआधी तिथे वर्षाला सुमारे ४० लाख लोकांना कांजिण्या होत, दहा हजारांवर लोक रुग्णालयात जात आणि १०० ते १५० दगावत. यात आधी ठणठणीत असलेली मुलंही असत, हे लक्षात घ्या. सुरुवातीला एकच डोस होता. रोग खूप कमी झाला, पण एक डोस घेतलेल्या मुलांच्या शाळांतही अधूनमधून साथी येऊ लागल्या. म्हणून २००६ पासून दोन डोस: पहिला १२ ते १५ महिन्यांत, दुसरा ४ ते ६ वर्षांत.

ब्रिटन मात्र थांबलं. का? नागिणीमुळे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि पुढे कधीतरी नागीण होऊन बाहेर पडतो. होप-सिम्पसन या साध्या गावडॉक्टरने १९६५ साली असा विचार मांडला, की कांजिण्या झालेल्या मुलांच्या सहवासात मोठ्यांची प्रतिकारशक्ती पुन्हा जागी होत असावी. मग मुलांमधल्या कांजिण्याच नाहीशा झाल्या तर मोठ्यांमध्ये नागीण वाढणार नाही का? ही भीती रास्त होती. पण अमेरिकेतल्या अनुभवात लसीमुळे नागिणीची मोठी लाट आलेली दिसली नाही. उलट लस घेतलेल्या मुलांमध्ये नागिणीचं प्रमाण बरंच कमी आढळलं. अखेर जानेवारी २०२६ पासून ब्रिटननेही ही लस गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीसोबत एकाच टोचणीत द्यायला घेतली, १२ आणि १८ महिन्यांना.

बघा, तीनही देश फिरून एकाच वयाशी आले. हे वय कुठून आलं? बाळ जन्मतं तेव्हा आईकडून मिळालेली प्रतिपिंडं त्याच्या रक्तात असतात. ती बाळाचं रक्षण करतात, पण जिवंत लसीलाही आपलं काम करू देत नाहीत. वर्षाच्या सुमारास ती ओसरतात. म्हणजे वर्षाआधी लस फुकट जाण्याची शक्यता, आणि वर्षानंतर मूल उघडं पडलेलं. म्हणून पहिला वाढदिवस ही कुणी सोयीसाठी आखलेली रेघ नाही.

आता आपल्याकडे या. भारतात ही लस सरकारी सार्वत्रिक लसीकरणात नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, १५ व्या महिन्याला पहिला आणि १८-१९ व्या महिन्याला दुसरा डोस सुचवते. पण खर्च पालकांचा, आणि निर्णयही पालकांचा. जपानमध्ये जे काम सरकारने टाळलं, ते आपल्याकडे एकेका घरावर आलेलं आहे.

आणि इथेच आजीचा हिशोब चुकायला लागतो. तिच्या लहानपणी गल्लीत एकाला कांजिण्या झाल्या की सगळ्यांना व्हायच्या. "लहानपणी होऊन जातील" याची जवळजवळ खात्री असायची. आज शहरात वर्गातल्या बऱ्याच मुलांनी लस घेतलेली असते. मग ज्याने घेतली नाही ते मूल काही वर्षं सुटतं. सुटतं म्हणजे वाचतं असं नाही. त्याची गाठ कांजिण्यांशी वसतिगृहात पडते, पहिल्या नोकरीत पडते, नाहीतर गरोदरपणात. त्यातही आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात मोठ्या वयात कांजिण्या होणाऱ्यांचं प्रमाण थंड देशांपेक्षा मुळातच जास्त. म्हणजे "होतील तेव्हा होतील" म्हणून थांबणं हाही एक निर्णयच आहे, आणि त्याची किंमत बऱ्याचदा उशिरा कळते.

याचा अर्थ प्रत्येक मुलाला अमुक तारखेलाच लस द्या, असा नाही. प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या, कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या मुलाला ही जिवंत लस डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देता येत नाही. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस त्याच दिवशी दिली नसेल, तर दोहोंत किमान चार आठवडे जाऊ द्यावे लागतात. आणि वय टळलं असेल तर दार बंद होत नाही. कांजिण्या न झालेल्या मोठ्या मुलाला आणि प्रौढालाही दोन डोस घेता येतात, फक्त गरोदरपणात नाही. आणि हो, अशी मुलं घरात असतील तर त्यांचं रक्षण शेजारच्या निरोगी मुलाच्या लसीनेही होतं, हे विसरू नका.

तेव्हा आजीशी वाद घालू नका. तिचं अर्धं म्हणणं आजही खरं आहे: हे काम लहानपणीच उरकलेलं बरं. फक्त त्यासाठी आता मुलाला आजारी पडावं लागत नाही.