कुटच्या कैदेतील शुश्रूषक आणि कोकणची माणसे

पहिल्या महायुद्धात कोकणातून गेलेल्या शिपायांची आठवण निघाली की सहसा शौर्याच्या कथा सांगितल्या जातात. कैदेची कथा त्या मानाने क्वचितच ऐकू येते. आणि त्या कैदेत आजाऱ्यांच्या उशाशी बसलेल्या माणसांची तर नाहीच नाही. वास्तविक भारतीय सैन्याच्या इतिहासातील एक अत्यंत मोठी युद्धकैद पुण्याचे नाव धारण करणाऱ्या डिव्हिजनच्या वाट्याला आली होती.

मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड यांच्या नेतृत्वाखालील सहावी (पूना) डिव्हिजन १९१५ मध्ये तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या रोखाने निघाली. तिच्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. दख्खनी मराठ्यांबरोबरच कोकणी मराठ्यांची भरती या पलटणींत होत असे आणि तिचे मुख्य क्षेत्र रत्नागिरी व तेव्हाचा कुलाबा जिल्हा हे होते. पेण, रोहा, माणगाव, महाड हे सारे कुलाब्याचेच तालुके. जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले. त्या काळी या भागात रेल्वे नव्हती. पेणच्या बाजूच्या माणसाला मुंबई गाठायची तर धरमतरच्या खाडीतून बोट धरावी लागे. भाताची खाचरे सोडून निघालेला माणूस काही महिन्यांतच बसऱ्याच्या वाळूत उभा असे.

नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईत प्रचंड हानी सोसून डिव्हिजन मागे फिरली आणि डिसेंबरच्या प्रारंभी कुट-अल-अमारा या गावात कोंडली गेली. वेढा १४७ दिवस चालला. त्या काळातील आजारांचे स्वरूप वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे. गोरे शिपाई मैद्याचा पाव आणि घोड्याचे मांस खात. त्यांना बेरीबेरी झाला. भारतीय शिपाई कोंड्यासह दळलेला आटा खात असल्याने बेरीबेरीपासून वाचले; परंतु ताज्या भाजीचा अभाव आणि घोड्याचे मांस वर्ज्य, त्यामुळे त्यांना स्कर्व्हीने गाठले. हिरड्या सुजत, जखमा भरून येत नसत. भारतातील धर्मप्रमुखांकडून मांस खाण्यास हरकत नसल्याचे निरोप मागवण्यात आले, तरी बहुतेकांनी ते शेवटच्या आठवड्यांपर्यंत टाळले. यास केवळ हट्ट म्हणता येणार नाही. गावी परतल्यावर जातीत घेतील की नाही, ही भीती उपासमारीइतकीच खरी होती.

२९ एप्रिल १९१६ रोजी टाउनशेंड यांनी शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार माणसे तुर्की सैन्याच्या हाती लागली. त्यांपैकी १० हजारांवर भारतीय होते आणि त्यांतील ३ हजारांहून अधिक जण तर शिपाईही नव्हते. डोलीवाले, भिस्ती, आचारी, सफाई कामगार, इस्पितळातील सेवक अशी ही मंडळी. परिचारिका म्हटले की आज पांढऱ्या गणवेशातील स्त्री डोळ्यांसमोर येते; कुटमध्ये मात्र जखमा धुणे, पाणी पाजणे, मृतांना उचलणे ही सगळी शुश्रूषा याच पुरुषांच्या हातची होती. वैद्यकीय सेवकांना युद्धकैदी धरू नये, काम आटोपताच परत पाठवावे, असे १९०६चा जिनिव्हा करार सांगत होता. प्रत्यक्षात सुमारे अकराशे आजारी व जखमी अदलाबदलीत सुटले आणि उरलेल्यांना चालवण्यात आले.

बगदाद, सामर्रा, तिक्रित, मोसुल आणि तेथून रास-अल-ऐन. सामर्रानंतर सारी वाट पायी, उन्हाळ्यात, बूट-पाण्याविना. भारतीय कैद्यांना प्रामुख्याने रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. तेथील इस्पितळात रुग्णांची सेवा करणारेही कैदीच. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी मार्च १९१७ मध्ये तेथेच मरण पावले. बंगाल अँब्युलन्स कोअरचे स्वयंसेवक शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांनी रास-अल-ऐन व अलेप्पोच्या इस्पितळांत काम केले. डायरीची पाने फाडून ती बुटात लपवून त्यांनी वाचवली. तिच्यावरून लिहिलेले ‘अभी ले बगदाद’ हे बंगाली पुस्तक प्रसिद्ध होण्यास चार दशके लागली. मराठा पलटणींतील बहुतेकांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या आठवणी घरातच राहिल्या आणि घराबरोबर विरल्या.

सरकारी हिशेबानुसार मृत व बेपत्ता मिळून सुमारे ३ हजार भारतीय या कैदेतून परतले नाहीत. परतलेले १९१८च्या अखेरीपासून आले, तेव्हा मुंबई इलाखा इन्फ्लुएन्झाने होरपळून निघाला होता. ११७व्या पलटणीला १९२१ मध्ये ‘रॉयल’ हा किताब मिळाला. माणसांच्या मनावर झालेल्या आघाताला मात्र तेव्हा आजचे नाव नव्हते.

पुढच्या महायुद्धात ही कैद स्त्रियांच्या वाट्याला आली. भारतात लष्करी परिचारिकांची पहिली तुकडी १८८८ मध्ये मुंबई बंदरात उतरली होती. त्या सेवेतील परिचारिका १९४२ मध्ये सिंगापूर पडले तेव्हा तेथे होत्या. १४ फेब्रुवारीला जपानी विमानांनी ‘कुआला’ हे जहाज बुडवले, त्यात काहींचा अंत झाला. दोन्ही महायुद्धे मिळून मृत, कैद वा बेपत्ता झालेल्या भारतीय सैन्यातील परिचारिकांची संख्या ३५० सांगितली जाते. त्याच दिवशी बुडालेल्या ‘व्हायनर ब्रुक’वरील ६५ ऑस्ट्रेलियन परिचारिकांपैकी २४ जणीच युद्धानंतर घरी पोहोचल्या. त्यांची नावे त्यांच्या देशात शाळकरी मुलांनाही माहीत असतात.

आपल्याकडे उलट आहे. १९२९ मध्ये उभारलेल्या बसरा स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरलेली आहेत. भारतीय शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या. महाराष्ट्रातील अनेक गावांत ब्रिटिश सरकारने बसवलेल्या संगमरवरी पाट्यांवरही या गावातून इतके गेले, इतके मेले, एवढेच लिहिलेले आढळते. या भेदभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने २०२१ मध्ये माफी मागितली. आयोगाच्या नोंदवह्यांत नावे आहेत. अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि तालुकाही दिलेला आहे. पेण किंवा रोह्यातील कोणी आपल्या पणजोबांचा शोध घेणार असेल तर संकेतस्थळावर जिल्ह्याचे नाव रायगड टाकून उपयोग नाही. ‘कुलाबा’ असे शोधावे लागते, तेही इंग्रज कारकुनाच्या स्पेलिंगने.